दारातला पाव्हणा

अध्यक्ष महाशय, आणि घरचा कूलर सोडून या उकाड्यात इथं येऊन बसलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘शेतकऱ्याच्या आशेचे अर्थकारण’. तो मी दिलेला नाही. मी फोनवर सांगितला होता, ‘दारात येणारा अनोळखी माणूस’. पलीकडून विचारणा झाली, ‘‘सर, हा गुन्हेगारीवरचा विषय आहे का?’’ मी म्हटलं, थोडासा. मग त्यांनी तो भारदस्त करून घेतला. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला अर्थकारण कळतं, असा नाशिककरांचा अजूनही समज आहे. राहू द्या. तेवढ्यावर माझं पेन्शन चालू आहे.

शेवटी वेळ पुरत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शेतकरी फसला की आपण म्हणतो, भोळा आहे हो बिचारा. मला हे पटत नाही. जो माणूस भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगतो की ‘शेठ, कालच तुम्ही शेजारच्याला दोन रुपये जास्त दिलेत’, तो भोळा कसा? तो फसतो याचं कारण दुसरं आहे. त्याच्या दारात येणाऱ्यांपैकी खरं बोलणारा उभ्या उभ्या बोलतो आणि खोटं बोलणारा ओट्यावर बसतो. आणि बसणाऱ्याचं ऐकलं जातं. बास, एवढंच. आता चहा घेऊन घरी गेलात तरी चालेल.

नाही गेलात. मग ऐका.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्वभागातला. आमच्याकडचं कोणी आहे का इथं? हात वर करा. चार. बाकी सगळे निफाड-दिंडोरीचे दिसताय. चेहऱ्यावर कालव्याचं पाणी आहे तुमच्या. रागावू नका, ही आमची जुनी असूया आहे. तुमच्याकडं ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी १९२५ मध्ये द्राक्षाचा वेल लावला म्हणतात, तेव्हा आमच्याकडं पावसाची वाट बघत बाजरी पेरायची पद्धत होती. अजूनही आहे.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दुष्काळाचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी बघितलाय त्यांना ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द पुरे आहेत. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं खाणं, आणि मिलो म्हणजे ती अमेरिकेची लाल ज्वारी. आमची आजी म्हणायची, भाकरी थापताना हाताला परकी लागते. आई आणि चुलती पाझर तलावाच्या कामावर, भाऊ, म्हणजे आमचे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, ते आणि चुलते खडी फोडायला. घरी आजी, आम्ही पोरं आणि दोन बैल. विहिरीत पाणी नव्हतं, कबुतरं होती.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत आमच्या दारात आठ दिवसांच्या अंतरानं दोन माणसं आली.

पहिला जीपमधून आला. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या राज्यात १९७२ मध्येच सुरू झाली, त्या खात्याचा तरुण अधिकारी. पायात बूट, हातात हातोडी. विहिरीच्या काठावर उभा राहिला, खाली बघितलं, एक दगड फोडून वासही घेतला असं मला आठवतंय, पण ते मी नंतर जोडलेलं असू शकेल. आजीनं पाणी आणलं. तो म्हणाला, ‘‘नको आजी, तुम्हालाच पुरत नाही.’’ चांगल्या मनानं म्हणाला हो! पण आमच्याकडं पाणी नाकारलं की घर नाकारलं. मग भाऊंना म्हणाला, ‘‘खाली काळा पाषाण आहे. कितीही खोल जा, पैसा वाया जाईल. नाल्याच्या अंगाला लागलं तर लागेल, पण ती जमीन तुमची नाही.’’ दहा मिनिटांत जीप गेली. धुरळा आजीच्या गोवऱ्यांवर बसला.

त्या माणसाचा शब्द न्‌ शब्द खरा होता. आज मला ते पुराव्यानिशी सांगता येतं. आपला हा सगळा दख्खनचा बसाल्ट. वरचा मुरूम, मांजऱ्या, खडकाच्या भेगा, एवढ्यातच जे काय पाणी साठतं ते. खाली एकसंध काळा दगड लागला की तिथं गंगा असण्याचं कारण नाही. पण त्याचं म्हणणं आमच्या घरात कुणी दुसऱ्यांदा उच्चारलंसुद्धा नाही. खरं होतं, आणि दहा मिनिटांचं होतं.

दुसरा आला सायकलवर, दिवस मावळताना. पांढरा पायजमा, काळी टोपी, आणि सायकलच्या दांडीला बांधलेली छत्री. दुष्काळात छत्री! आम्ही पोरं फिदीफिदी हसायला लागलो. तो उतरला, सायकल लिंबाला टेकवली आणि आम्हालाच म्हणाला, ‘‘पोरांनो, पाऊस आल्यावर छत्री आणायला घरी पळायचं काय?’’

मी नोकरीत असताना व्यवस्थापनाची बरीच प्रशिक्षणं केली. पुण्याला पाठवायचे, एसी हॉल असायचा, पडद्यावर बाण दाखवायचे. त्या सगळ्या वक्त्यांत मला या एका वाक्याच्या तोडीचं काही ऐकायला मिळालं नाही.

त्यानं पाणी मागितलं. आजीनं तांब्या दिला. अर्धा प्यायला, उरलेलं अर्धं नेऊन वाळलेल्या तुळशीला घातलं. खलास. आजी तिथंच गेली. रात्री भाऊ कामावरून आले तेव्हा पाव्हणा ओट्यावर पाय पसरून बसलेला आणि आजी त्याला आमच्या आजोबांनी विहीर कशी खोदली ते सांगत होती. ती गोष्ट आम्ही घरातल्यांनी ऐकायची बंद करून कैक वर्षं झाली होती.

पाणाड्या होता तो. त्याचं नाव आमच्यात कधी कुणी घेतलं नाही, शेवटपर्यंत ‘पाव्हणा’च. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उंबराची बेचक्याची काडी काढली. विहिरीपासून वीसेक पावलांवर ती खाली झुकली. मग तळहातावर नारळ ठेवून चालला, तो तिथंच उभा राहिला. म्हणाला, ‘‘सात परसावर नाडी आहे. बोटभर नाही, मनगटाएवढी.’’ परस म्हणजे पुरुषभर खोली. त्याची मागणी, एक्कावन्न रुपये, नारळ, आणि खोदेपर्यंत दोन वेळचं जेवण. एक्कावन्न रुपये कुठून आणले? आजीनं पायातले वाळे काढले.

आता इथं तुमच्यातले शहरी लोक ‘अरेरे’ म्हणणार. पुढच्या रांगेतून आलंच. थांबा. हा माणूस पैसे घेऊन त्याच रात्री पसार झाला असता तर मी आज इथं उभा नसतो, ती साधी गोष्ट आहे. हा अकरा दिवस राहिला. आणि नुसता राहिला नाही, खड्ड्यात उतरला. भाऊ, चुलते, शेजारची दोघं आणि पाव्हणा. रात्री कंदिलाच्या उजेडात खोदायचे, दिवसा खडीवर जायचे. वर पाटी ओढताना तो गाणी म्हणायचा. आमचे चुलते वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हते, ते त्या खड्ड्यातून हसताना ऐकू यायचे. आई म्हणायची, त्या अकरा दिवसांत घरात भांडण झालं नाही. भांडायला मजा येण्याइतकी ताकद आली होती, पण भांडण झालं नाही.

आठव्या रात्री मुरूम ओला लागला.

ओला म्हणजे फार नाही हो. दमट. पाव्हण्यानं ढेकूळ वर आणलं आणि आजीच्या तळहातावर ठेवलं. कंदील जवळ धरला. तिनं मूठ मिटली, उघडली, ढेकूळ बाजूला केलं. हातावर ओल होती. बोटांच्या रेषांत तांबडा चिखल बसला होता. कुणी काही बोललं नाही. आख्खी वाडी जमली होती, कुणीतरी गूळ आणला. आजीनं तो हात त्या रात्री धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी काळा पाषाण लागला. पहार मारली की ठिणगी. सरकारी माणसाचा पाषाण, जिथं सांगितला होता तिथंच.

पाव्हणा खाली उतरला, दगडावर हात फिरवला, वर आला. म्हणाला, ‘‘अजून चार परस.’’ आणखी दोन दिवस पहारा तुटल्या. अकराव्या दिवशी पहाटे म्हणाला, गावाकडं जाऊन यायला पाहिजे, देवाचं काही राहिलंय. आता एक्कावन्न रुपये घेतलेला माणूस गावाकडं निघाला तर आपण काय समजतो? भाऊंनाही समजलं. ते नुसते बघत राहिले. तर यानं सायकलची छत्री सोडली, भाऊंच्या हातात दिली. ‘‘ही ठेवा. पाणी लागलं की घ्यायला येतो.’’

मंडळी, मी पुढं आयुष्यभर तारणं घेतली. सातबारा घेतला, सोनं घेतलं, ट्रॅक्टर घेतले. पण पहिलं तारण मी बघितलं ते हे. भाऊंनी ती छत्री देवळीशेजारच्या खुंटीला टांगली आणि घरात कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं. गहाणाची वस्तू होती ना.

भाऊंनी सुरुंगाला कर्ज काढलं. नऊ परस गेले. कोरडं.

आता खरी मेख. त्या फेब्रुवारीत वाडीतली सगळी बैल विकत होती. बाजारात कातड्याच्या भावानं बैल जायचे. भाऊंचंही ठरलं होतं, पुढच्या बाजाराला न्यायचे. ओला मुरूम लागला त्या रात्री त्यांनी बेत रद्द केला. का? आज ना उद्या पाणी लागणार, मग मोट कोण ओढणार? पुढचे चार महिने कोपरगावकडून उसाची वाढी उधारीवर आणून बैल जगवले. बैलांच्या बरगड्या दिसायच्या, पण जगले. जूनमध्ये पाऊस झाला. आणि आमच्या वाडीत तेव्हा औताला जुंपायला फक्त तीन जोड्या शिल्लक होत्या, त्यातली एक आमची. भाऊंनी रात्रंदिवस लोकांची रानं पेरून दिली. त्या वर्षी आमच्या घरात जे धान्य आलं, त्यातलं अर्धं औताच्या भाड्याचं.

तर आता सांगा, पाव्हण्यानं आम्हाला लुटलं की तारलं? आमच्या घरात हा खटला दर दिवाळीला उभा राहायचा. चुलते म्हणायचे, चोर होता. भाऊ म्हणायचे, चोर चार रात्री पहार मारतो का? आजी म्हणायची, जेवा आता.

इथं एक आडवाट घेतो, कारण गोष्ट भारी आहे. अमेरिकेत चार्ल्स हॅटफिल्ड नावाचा गृहस्थ होता. शिवणयंत्रं विकायचा आणि जोडधंदा म्हणून पाऊस पाडायचा. लाकडी मनोरा बांधायचा, वर टाक्यांत रसायनं ठेवायची, त्यांची वाफ आभाळात सोडायची. कोरडवाहू शेतकरी त्याला बोलावून घ्यायचे. १९१५ च्या डिसेंबरात सॅन दिएगो शहराच्या नगरपरिषदेनं त्याच्याशी ठराव केला: मोरेना जलाशय भरून दे, दहा हजार डॉलर घे. तोंडी बोलणं, लेखी करार नाही. आमच्या शाखेत असलं प्रकरण आलं असतं तर मी फाइल फेकून दिली असती. जानेवारी १९१६ मध्ये पाऊस सुरू झाला तो थांबेचना. पूल वाहून गेले, लोअर ओटे नावाचं धरण फुटलं, माणसं मेली. हॅटफिल्ड चालत चालत पैसे मागायला आला. नगरपरिषद म्हणाली, पाऊस देवाचा असेल तर तुझे पैसे कसले? आणि तुझा असेल तर शहराची नुकसानभरपाई आधी भर. बिचाऱ्याला छदाम मिळाला नाही. कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. मला त्या नगरपरिषदेचं फार कौतुक वाटतं. नाशिकमध्ये असती तर तिनं वर पाणीपट्टीही लावली असती.

हसू नका, २०१५ साली आपणही औरंगाबादेतून ढगांत विमानं सोडली होती. विमान आहे म्हटल्यावर मनोऱ्यापेक्षा बरं वाटतं, एवढंच.

असो. आता मी स्वतःकडं येतो, कारण दुसऱ्याचं बोलून झालं की माणसानं आपलं बोलावं. मी शेती अधिकारी म्हणून बँकेत लागलो. म्हणजे काय? मीच दारातला अनोळखी माणूस झालो. मोटरसायकल, बॅग, पायात बूट. आणि मार्चअखेरीचं टार्गेट. ज्यांनी बँकेत काढली त्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या घरात मार्चमध्ये लग्न ठरवत नाहीत.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी ससेपालनाची टूम निघाली होती. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्याच्या आगेमागे सफेद मुसळी झाली, सागवान झालं, मग इमू आला, मग कडकनाथ. बहुतेकांचं तंत्र तेच: रोपं म्हणा, पिल्लं म्हणा, आमच्याकडून घ्या, वाढवा, माल आम्हीच परत घेतो. ‘आम्हीच परत घेतो’ या तीन शब्दांवर हजारो घरं उभी राहिली आणि बसली. कारण शेतकऱ्याचं खरं दुखणं पिकवण्याचं नाहीच, विकण्याचं आहे. ज्यानं त्या दुखण्यावर बोट ठेवलं त्याला अर्धी लढाई जिंकता येते. इमू कुणी खातं का, हा प्रश्न नंतरचा.

तर एका कंपनीचा प्रतिनिधी आणि मी, एकाच मोटरसायकलवर, एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. प्रतिनिधी काय बोलायचा! मुलगा पंचविशीतला, पण घरात शिरला की म्हातारीच्या पाया पडायचा, पोराच्या वहीचं पान उलटून अक्षराचं कौतुक करायचा. डाळिंबाचा बाग तेल्यानं गेलेला, अंगावर सोसायटीचं कर्ज, घरात दोन मुली. त्या पोरानं तासभर बसून त्या घराला पाच वर्षांनंतरचं घर दाखवलं. मी प्रकल्प अहवालाचे रकाने भरत होतो. तेवढ्यात घरातली बाई चहा ठेवता ठेवता मला म्हणाली, ‘‘साहेब, पण हे ससं खातं कोण?’’

मी प्रतिनिधीकडं बघितलं. तो हसला आणि मोठ्या हॉटेलांची नावं घेतली. मला उत्तर माहीत नव्हतं. आणि मला माहीत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. सही केली.

चौदा महिन्यांत कंपनीच्या ऑफिसला कुलूप. पिंजऱ्यांत त्या बाईनं कोंबड्या ठेवल्या, शहाणी होती. कर्ज मात्र ससे मरतात तसं मरत नाही. वसुलीलाही मीच गेलो. आणि त्या दिवशी तिनं ‘बसा’ म्हटलं तर मी म्हणालो, नको, घाई आहे. उभ्या उभ्या बोललो. म्हणजे बघा, स्वप्न विकताना मी तिथं चहा प्यायलो आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा जीपवाल्यासारखा दहा मिनिटांत निघालो. ही माझी तक्रार माझ्यावरच आहे, बँकेवर ढकलत नाही. बँकेनं मला खुर्ची दिली होती. ओट्यावर बसू नको असं काही परिपत्रक नव्हतं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ खाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे पाचच असणार.

मग मुख्य विषय आता पळवतो. मला खरं तर पाऊण तास दोन माणसांवर बोलायचं होतं, आणि ससे मध्ये आले.

पहिले शेतकरी संघटनेचे शरद जोशी. विचार करा, हा माणूस किती अनोळखी होता. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून आला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. जीन्स, पांढरा शर्ट, बोलणं शहरी. आणि १९८० मध्ये आपल्या जिल्ह्यात आला तेव्हा पिंपळगाव बसवंतचे माधवराव मोरे त्याच्याबरोबर उभे राहिले. लोक म्हणतात, वक्तृत्व होतं. होतं ना, पण वक्तृत्व तर इमूवाल्याकडंही असतं. जोशींनी केलं काय, तर लोकांना बसवून त्यांच्याच कांद्याचा हिशेब मांडायला लावला. बी किती, खत किती, पाण्याच्या पाळ्या किती, घरच्या माणसांची मजुरी धरली का? बेरीज करा. आता बाजारात मिळालं किती? वजा करा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या वजाबाकीतून आलेली आहे. कांद्याला रास्त भाव, उसाला टनाला तीनशे रुपये. पाव्हण्यानं सांगितलं, पाणी आहे, विश्वास ठेवा. यांनी सांगितलं, विश्वास राहू द्या, आधी बेरीज तपासा. १० नोव्हेंबर १९८० ला रस्ते आणि रेल्वे अडवली, खेरवाडीला गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. आशेची किंमत लोकांनी तिथं रोख मोजली आहे, हे विसरून या विषयावर बोलू नये. आणि तरी १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायका लाखांनी जमल्या. माझी आई गेली होती. परत आल्यावर भाऊंना म्हणाली, ‘‘माझी मजुरी धरली नाही तुम्ही आजवर.’’ भाऊ तिथं गप्प झाले. त्यांच्या पुढच्या हिशेबाच्या वहीत तिचा रकाना आहे, मी बघितलाय. रक्कम कधी दिली नाही, पण रकाना आहे.

दुसरं उदाहरण ओझरचं. समाज परिवर्तन केंद्र, बापू उपाध्ये आणि भरत कावळे. १९९० च्या आसपास त्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पुढं दिंडोरीतल्या वाघाड प्रकल्पाचं सगळं पाणी शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी आपणच गोळा करायची, शेवटच्या शेतकऱ्यालाही मिळालं पाहिजे. यात करिष्मा शोधाल तर सापडणार नाही. बैठका आहेत. पुन्हा बैठका आहेत. ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी आहे त्याच्या घरी जाऊन, शेपटाकडच्या माणसाला पाणी का द्यायचं हे समजावत बसणं आहे. त्या बैठकांत किती चहा संपला असेल त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि धरण चालतंय ते त्या चहावर.

म्हणजे मुद्दा आला ना ध्यानात? आशा द्यायला येणारा माणूस वाईट नसतो. शेतकऱ्याच्या घराला बाहेरच्या माणसाची गरज असते, कारण घरातल्या घरात तेच ते बोलून माणसं थकतात. आमच्या आजीची विहिरीची गोष्ट ऐकायला पाव्हणाच यावा लागला. प्रश्न एवढाच, की तो तुमच्या हातात पेन्सिल देतो की फक्त नारळ. आणि खरं सांगणारे जे आहेत, कृषी विद्यापीठातले, खात्यातले, आमच्यासारखे बँकेतले, यांना माझी विनंती अशी होती की... शेवटची चिठ्ठी. बरं. विनंती राहू द्या. ती तुम्हाला कळली आहे.

आणखी एक पद्धत मी बरीच वर्षं सांगत असे: चांगला पाव्हणा ओळखायचा कसा, तर तो परत येतो. फसवणारा परत येत नाही. जोशी हरले तरी परत यायचे, ओझरवाले रोज यायचे. मी प्रशिक्षणात नव्या अधिकाऱ्यांना हे सांगायचो, ते लिहूनही घ्यायचे. पण ही कसोटी आमच्याच घरात फुटली आहे, ते न सांगता उतरलो तर बरं नाही. दोन मिनिटं. घंटा वाजवू नका.

१९७९ चा श्रावण. आभाळ फाटल्यासारखा पाऊस. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी. संध्याकाळी लिंबाखाली सायकल टेकवून एक माणूस चिंब भिजलेला ओट्यावर चढला. पायजमा तोच असावा असं वाटलं. भाऊंना नमस्कार करून म्हणाला, ‘‘छत्री घ्यायला आलो.’’

चुलते आतून काठी घेऊनच आले. भाऊंनी त्यांना हातानं थांबवलं. म्हणाले, पाव्हणं, चला. तिघं पावसात त्या नऊ परसाच्या खड्ड्यापाशी गेले, मागं मी. खड्डा काठोकाठ भरला होता. बेडकं ओरडत होती. पाव्हणा भाऊंकडं बघून नुसता हसला.

भाऊ म्हणाले, ‘‘हे वरचं आहे.’’

पाव्हणा म्हणाला, ‘‘बोलताना वरचं का खालचं ते ठरलं नव्हतं.’’

भाऊ किती तरी वेळ त्या पाण्याकडं बघत होते. मग घरी आले, खुंटीवरची छत्री काढली, सहा वर्षांची धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ओट्यावरच उघडली. कापड उंदरांनी कधीच खाल्लं होतं, नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. आधी आजी हसली. मग तो, मग भाऊ. चुलते हसले नाहीत, पण काठी कोपऱ्यात ठेवली.

रात्री तो जेवला, आजीची विहिरीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकली, आणि पहाटे निघाला तेव्हा पाऊस होताच. आजीनं आजोबांची घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली. ती काही परत आली नाही. आजी ब्याण्णव साली गेली, तोवर कुणी घोंगडीचा विषय काढला की म्हणायची, ‘‘आणून देईल की. अजून खालचं पाणी कुठं लागलंय.’’